पेटी न उघडता आत काय चाललंय? मधपेट्यांमधले सेन्सर आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाळ्याआधीची तयारी लिहिताना मी ओझरतं एक वाक्य टाकलं होतं, की माझ्या ६ पेट्यांखाली वजनकाटे आहेत आणि आत तापमानाचे सेन्सर. पावसाळ्याबद्दल फार कुणी विचारलं नाही, पत्रं आली ती त्या एका वाक्यावर. तर यावेळी तेच घेते. काही पत्रं लांबलचक होती, छाटलीयेत, रागावू नका.

ताई, माझ्याकडे सातेरीच्या १२ पेट्या आहेत. एका कंपनीचा माणूस येऊन गेला, म्हणतो सेन्सर लावा, एआय तुम्हाला मोबाईलवर सगळं सांगेल, पेटी उघडायची गरजच नाही. एका पेटीचे ११,००० सांगतोय. पोरगं म्हणतंय घेऊ, मी म्हणतो थांब. कोण बरोबर?
(एक मधपाळ, भोर)

तुम्ही. पोरगं चुकीचं नाहीये, घाईत आहे.

आधी हिशोब करू. १२ पेट्यांचे १,३२,००० रुपये. सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची पेटी बऱ्या वर्षी ६ किलो मध देते असं धरा, सगळ्या मिळून ७२ किलो, किलोला ६०० मिळाले तर ४३,२०० होतात. म्हणजे तीन वर्षांचा सगळा मध त्या माणसाला, आणि दर वर्षीचं सबस्क्रिप्शन किती ते त्याने सांगितलं नसेल तर विचारून घ्या, ते बहुतेक वेळा असतंच.

आता "पेटी उघडायची गरजच नाही" हे. सेन्सर रोग ओळखत नाही, राणी शोधत नाही, पोळ्याचं मेण खाणाऱ्या मेणकिड्याची जाळी काढत नाही. तो एवढंच सांगतो की ७ नंबरच्या पेटीत परवापासून काहीतरी वेगळं चाललंय, जाऊन बघा. पण सातेरीवाल्यांसाठी हेसुद्धा थोडं नाही. सातेरी किती मनस्वी माशी आहे तुम्हाला माहितीये, दर आठवड्याला उघडझाप केली, धूर मारला, की एक दिवस पेटी रिकामी करून निघून जाते. त्यामुळे आज कुठली पेटी उघडायची आणि कुठल्या ११ पेट्यांना हात लावायचा नाही एवढं जरी कळलं तरी फायदा आहे.

आणि ते कळायला एआय लागत नाही, साधा वजनकाटा पुरतो. मी तर म्हणेन सगळ्यात हुशार सेन्सर तोच. काट्यावरचा दिवसभराचा आलेख एकदा बघाच. सकाळी माश्या बाहेर पडल्या की वजन उतरतं, दुपारपासून चढायला लागतं, संध्याकाळी सगळ्या परतल्या की सकाळच्या वर जातं, आणि रात्री परत हळूहळू उतरतं, कारण आणलेल्या मकरंदात पाणी जास्त असतं आणि माश्या रात्रभर पंखांनी वारा घालून ते उडवत असतात. जांभूळ फुललं की माझ्या चांगल्या पेट्या दिवसाला पाव किलोने वर जातात, फुलोरा संपला की आलेख आडवा होतो, आणि खाली झुकायला लागला की समजायचं आता साखरपाक द्यावा लागणार. झुंड फुटली, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन नवं घर करायला निघाली, तर अर्धा-पाऊण किलो काही मिनिटांत खाली, कड्यावरून पडल्यासारखं. हे वाचायला मशीन लर्निंग कशाला, आलेख बघून आमची आजीसुद्धा सांगेल.

वजनातून किती कळतं बघा. अमेरिकेत नासाच्या गोडार्ड सेंटरमधले वेन इसायस हे मूळचे समुद्राचे अभ्यासक, आणि हौशी मधपाळ. मेरीलँडमध्ये घरच्या पेट्या काट्यावर ठेवून ते वर्षानुवर्षं वजनं लिहीत गेले. जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं तर मधाचा मुख्य हंगाम १९७० च्या दशकापेक्षा साधारण महिनाभर अलीकडे सरकलेला. वजनकाटा आणि वही, एवढ्यावर.

तुम्ही असं करा, एकच काटा घ्या, तुमच्या सगळ्यात भरभक्कम पेटीखाली ठेवा. फुलोरा कधी सुरू झाला नि कधी संपला हे ती एक पेटी सगळ्या १२ पेट्यांसाठी सांगते. बाकीचं पुढच्या वर्षी, आणि तोवर पोराचा उत्साह टिकला तर त्यालाच बनवू दे, खाली चिपळूणच्या उत्तरात सामान दिलंय.

सेन्सर लावला आणि पाचव्या दिवशी अख्खी वसाहत निघून गेली! गावात सगळे म्हणतायत की मोबाईलच्या रेडिएशनने गेली. खरं आहे का?
(एक वाचक, सावंतवाडी)

वाईट वाटलं. माझंही असंच झालंय म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या वर्षी मी आतल्या भिंतीला मायक्रोफोन चिकटवला, तोही झटपट चिकटणाऱ्या त्या उग्र वासाच्या गोंदाने, वायर आत घ्यायला पेटीला ड्रिलने भोक पाडलं, आणि हे सगळं माश्या आत असताना. वर त्या सेन्सरचा एक निळा दिवा रात्रभर लुकलुकत होता. चौथ्या दिवशी पेटीत चार मुंग्या आणि माझा मायक्रोफोन. रेडिएशनला दोष द्यायची सोयच नव्हती कारण तो सेन्सर तोवर काही पाठवतच नव्हता, मेमरी कार्डावर नोंदी ठेवत होता. वास, हादरे, उजेड, तिन्ही गोष्टी सातेरीला नको असतात आणि मी तिन्ही केल्या.

रेडिएशनचं म्हणाल तर प्रयोग झालेत. चंदीगडला पंजाब विद्यापीठात २०१० मध्ये पेटीत चालू मोबाईल ठेवून पाहिले होते आणि राणीचं अंडी घालणं कमी झालेलं आढळलं होतं, पण पेट्या अगदी मोजक्या होत्या आणि फोन थेट पेटीत. स्वित्झर्लंडमध्येही फोन पोळ्यापाशी चालू ठेवल्यावर माश्यांनी धोक्याचा आवाज काढल्याची नोंद आहे. यावरून तासाला दोन सेकंद मेसेज पाठवणाऱ्या सेन्सरने मोहोळ उठतं असं काही म्हणता येत नाही. तरी मी काय करते, पाठवणारा भाग पेटीच्या बाहेर, दोनतीन फुटांवर खांबाला लावते आणि आत फक्त बारीक वायर जाते. यात तोटा काहीच नाही आणि गावातल्यांशी वाद घालायचे कष्ट वाचतात.

पुढच्या वेळी सेन्सर आधी रिकाम्या पेटीत बसवा, दिव्यावर काळी पट्टी लावा, आठवडाभर उन्हात वास जाऊ द्या, आणि मग वसाहत त्या पेटीत घ्या. आणि एक शंका, रागावू नका. सातेरी जेव्हा ठरवून जाते तेव्हा आधी राणी अंडी घालणं थांबवते, असलेली पिल्लं बाहेर येऊ देते आणि मग निघते. म्हणजे तयारी बरेच दिवस आधीपासून चालू असते. तुमची पाचव्या दिवशी गेली म्हणजे तुम्ही सेन्सर लावायच्या आधीच तिचं सामान बांधून झालेलं असू शकतं. पोळ्यात मागे पिल्लं राहिली होती का बघितलंत? राहिली असतील तर ती दचकून गेली, नसतील तर तिचं जायचं आधीच ठरलं होतं.

आग्या मोहोळाला सेन्सर लावता येईल का? आमच्या पाण्याच्या टाकीला सात पोळी आहेत.
(एक वाचक, जुन्नर)

येईल की, पण लावायला जाणाऱ्याला आधी विम्याचं विचारा. टाकीकडे दुर्बिणीतून बघा, तोच सेन्सर.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पेटीच्या आवाजावरून राणी आहे की नाही हे ओळखणारं मॉडेल केलं. नेटवर मिळणारा डेटासेट वापरला, ९८ टक्के अॅक्युरसी आली. काकांच्या २० सातेरी पेट्यांवर चालवलं तर सगळ्याच पेट्यांत राणी नाही म्हणतंय, आणि काका हसतायत. कुठे चुकलं?
(एक विद्यार्थी, सांगली)

काकांना हसू दे, तुझा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात चांगला आहे.

चूक बहुतेक इथे झालीये. तू रेकॉर्डिंगचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे केलेस, सगळे पिसलेस आणि काही शिकवायला, काही तपासायला ठेवलेस, बरोबर? मग एकाच पेटीच्या एकाच दुपारचे तुकडे दोन्हीकडे गेले. म्हणजे गाइडमधलेच प्रश्न पेपरात आले, मग ९८ मार्क पडणारच. मॉडेल राणी ओळखायला शिकलंच नाही, ते ती पेटी, तो मायक्रोफोन आणि मागून जाणारा ट्रॅक्टर ओळखायला शिकलं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या इनेस नोलास्को आणि इमॅन्युइल बेनेतोस यांनी २०१८ मध्ये पेट्यांच्या आवाजाचा जो डेटासेट खुला केला, त्यावरच्या कामात हीच गोष्ट दिसली होती, तुकडे सरमिसळ केले तर निकाल झकास, आणि मॉडेलने कधीच न ऐकलेल्या पेटीवर तपासलं की निकाल गडगडतो. तेव्हा पहिलं काम, डेटा पेटीप्रमाणे वेगळा कर. एक अख्खी पेटी बाजूला काढ, बाकीच्यांवर शिकव, तिच्यावर तपास. आकडा ७० वर आला तर तो तुझा खरा आकडा, रिपोर्टात तोच लिही.

दुसरं म्हणजे तो सगळा डेटा मेलिफेराचा आहे, युरोपियन माशीचा, आणि काकांकडे सातेरी. सातेरी आकाराने लहान, पंखांची फडफड जास्त वेगाची, म्हणून तिचा सूरच वरच्या पट्टीतला. वारा घालायची पद्धतसुद्धा उलटी, मेलिफेरा दारात डोकं आत करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते, सातेरी डोकं बाहेर करून हवा आत ढकलते. पेटीवर टिचकी मारली की सातेरी एका दमात फुस्स करते, तू ऐकलंच असशील. व्हिएतनाममध्ये केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेदर मॅटिला आणि त्यांच्या गटाने दाखवलं की मोठी गांधीलमाशी दारात आली की आपल्या सातेरीच्याच जातीच्या या माश्या एक वेगळाच कर्कश आवाज काढतात. असले आवाज मेलिफेराच्या डेटात कुठून असणार? तू त्याला पुणेरी मराठी शिकवलीस आणि मालवणीत परीक्षेला बसवलंस.

बरं, ही आवाजाची कल्पना काही आजची नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये एडी वुड्स नावाचे बीबीसीचे साउंड इंजिनियर होते, त्यांनी पेटी ऐकायला एपिडिक्टर नावाचं एक यंत्र केलं. त्यांचं निरीक्षण असं की झुंड फुटायच्या आधी २२५ ते २८५ हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज वाढत जातो, आणि टिचकी मारल्यावरची फुस्ससुद्धा बदलते. ना कॉम्प्युटर ना डेटासेट, एक फिल्टर, मीटरचा एक काटा आणि चांगला कान. तुझे काका पेटीला कान लावून टिचकी मारतात का? जुने मधपाळ मारतात. राणी असेल तर एक छोटी फुस्स आणि लगेच शांतता, राणी नसेल तर लांबलेलं, कण्हल्यासारखं गुणगुणणं. म्हणजे एपिडिक्टर तुमच्या घरातच आहे आणि तो तुला हसतोय.

म्हणून सगळ्या जगाच्या पेट्यांसाठी एक मॉडेल करायचा नाद सोड. प्रत्येक पेटी दोनतीन आठवडे नुसती ऐक, तिचं नेहमीचं गुणगुणणं सकाळ-दुपार-रात्र कसं असतं ते मॉडेलला कळू दे, आणि मग तिच्या स्वतःच्या नेहमीपेक्षा वेगळं काही झालं तरच सांगायला लाव. माश्यांचा कामाचा आवाज बराचसा १,००० हर्ट्झच्या खालीच असतो, त्यामुळे सेकंदाला ८,००० नमुने भरपूर झाले, ४४,१०० वर रेकॉर्ड करून कार्ड भरत बसू नकोस.

आणि लेबल. काका जेव्हा जेव्हा पेटी उघडतील तेव्हा तारीख, वेळ, राणी दिसली का, ताजी अंडी दिसली का, राणीघरं आहेत का, एवढं वहीत लिहून घे. तुझ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात महाग वस्तू ती वही आहे, लॅपटॉप नाही.

शेवटची एक गोष्ट कॉलेजात कुणी सांगत नाही. समज मॉडेल १०० वेळा विचारलं तर ५ वेळा उगाच बोंब मारतं. ऐकायला किती कमी वाटतं, पण २० पेट्या रोज एकदा तपासल्या तर रोज एक खोटी बोंब, महिन्याला ३०. आणि खरोखर राणी जाणार ती हंगामात एखाद-दोन पेट्यांतून. दहाव्या दिवशी काका तुझं अॅप म्यूट करतील. म्हणून आवाज बिघडलाय आणि तापमानही बिघडलंय आणि हे लागोपाठ तीन दिवस चाललंय, तेव्हाच मेसेज पाठव. एखादी पेटी उशिरा कळेल, चालेल, पण कळेल तेव्हा काका उठून जातील तरी.

नमस्कार ताई. आम्ही मूळचे नाशिकचे, गेली नऊ वर्षं मिल्टन कीन्सला आहोत आणि अलॉटमेंटवर (भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यावर) दोन पेट्या ठेवल्यात. इथे व्हरोआचा फार त्रास. दारात कॅमेरा लावला तर एआय माशीवरचा माइट ओळखतो अशी जाहिरात पाहिली. घ्यावा का?
(एक वाचक, इंग्लंड)

ओळखतो, दिसला तर. गोची तिथेच आहे. व्हरोआ, म्हणजे माश्यांवर जगणारा हा बारीक माइट, वाढतो बंद घरांतल्या कोषांवर, त्यामुळे वसाहतीत पिल्लं असतात तोवर बहुतेक माइट झाकणाआड असतात, दारात येतच नाहीत. जे मोठ्या माशीवर असतात ते पाठीवर ऐटीत बसलेले फोटोत दिसतात खरे, पण खरी बैठक पोटाखाली, पट्ट्यांच्या फटीत. तिथे शिरून ते माशीची चरबी खातात, रक्त नाही, हे सॅम्युअल रॅम्सी यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला पोटाखालचं काय दिसणार? त्यामुळे कॅमेऱ्यात एकही नाही दिसला म्हणजे पेटीत नाहीत असं मुळीच समजू नका.

त्यापेक्षा पिठीसाखर. अर्धा कप भरून माश्या घ्यायच्या, साधारण ३०० होतात, त्यात राणी नाही ना हे दोनदा बघायचं, जाळीच्या झाकणाच्या बरणीत साखर टाकून घोळवायच्या आणि पांढऱ्या ताटात झाडायचं. पडलेले माइट मोजा, तीनने भागा, शेकडा किती ते आलं. माश्या साखर चाटत परत घरी. तुमच्याकडे उपचार कधी करायचे त्याचे आकडे स्थानिक बी इन्स्पेक्टरकडून घ्या, ऋतूप्रमाणे बदलतात.

गंमत म्हणजे हा व्हरोआ मुळात आपल्या सातेरीचा. हजारो वर्षांचा शेजार, त्यामुळे सातेरीत तो मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो आणि माश्या एकमेकींच्या अंगावरून झटकूनही टाकतात. मेलिफेराला ती सवय नाही.

कॅमेऱ्याचा तुमच्याकडे दुसरा उपयोग मात्र आहे. पिवळ्या पायांची आशियाई गांधीलमाशी आता इंग्लंडात शिरतेय, आणि ती मोठी, उघड्यावर बसणारी, रंगाने ठसठशीत, म्हणजे कॅमेऱ्याला सोपी. एक्सेटर विद्यापीठाने व्हेस्पएआय म्हणून यंत्र केलंय, आमिषावर आलेली गांधीलमाशी ओळखून कळवणारं, जर्सी बेटावर त्याची चाचणी झाली. आणि नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठ तुमच्यापासून फार लांब नाही, तिथे मार्टिन बेन्सिक यांचा गट पोळ्याची कंपनं मोजतो. झुंड फुटल्यानंतर नव्या राण्यांचं जे टूट-टूट आणि क्वॅक-क्वॅक चालतं, बाहेर फिरणारी टूट करते आणि अजून घरात कोंडलेल्या क्वॅक करतात, ते त्यांनी रेकॉर्ड करून उलगडलंय. रेकॉर्डिंग कुठे ऐकायला मिळालं तर ऐकाच, बदकांचं लग्न चालल्यासारखं वाटतं.

डाळिंबाच्या बागेसाठी भाड्याने मेलिफेराच्या पेट्या आणतो. गेल्या वर्षी निम्म्या पेट्यांत दमच नव्हता, पैसे मात्र पूर्ण गेले. पेटीत माश्या किती हे सेन्सरने कळतं का?
(एक बागायतदार, सांगोला)

कळतं, आणि कॅलिफोर्नियात बदामाच्या बागांसाठी बीहिरोसारख्या कंपन्या हेच करतात, पेटीत सेन्सर टाकून बागवाल्याला सांगतात की या पेट्या भरलेल्या आणि या पोकळ. तिथे प्रचंड बागा असतात म्हणून ते परवडतं. तुम्ही भाड्याच्या पेटीत सेन्सर लावायला गेलात तर मालक ओरडेल, आणि बरोबरच आहे त्याचं.

दारातून जाणाऱ्या-येणाऱ्या माश्या मोजायचे कॅमेरेही आहेत, युटा स्टेट विद्यापीठात व्लादिमीर कुल्युकिन यांनी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरून बीपाय नावाची पूर्ण पद्धत उभी केलीये. पण दारात लोंबकळणाऱ्या, पहारा देणाऱ्या, पहिल्यांदा उडून घर बघून ठेवणाऱ्या, अशा सगळ्यांमुळे मोजणी घोटाळते.

तुमच्यासाठी सोपं, काटा तुमचा, पेटी त्याची. पेटी उतरवली की तुमच्या काट्यावर ठेवून घ्या, त्याची हरकत असायचं कारण नाही. मेलिफेराच्या साधारण १०,००० माश्या म्हणजे १ किलो. सकाळी उन्हं वर आल्यावर वजन ३०० ग्रॅमने उतरलं म्हणजे अंदाजे ३,००० माश्या बागेत गेल्या. ज्या पेटीचं वजन ५० ग्रॅमनेही हलत नाही ती पोकळ, लगेच फोन करा, हंगाम संपल्यावर नाही. आणि हाच काटा तुम्हालाही पकडतो बरं का. सकाळी ३०० ग्रॅम गेले आणि अंधार पडला तरी परत आले नाहीत, तर कुणीतरी दुपारी फवारणी केलीये. शेजाऱ्याने केली असेल नाहीतर तुमच्याच गड्याने. फवारायचंच असेल तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी उशिरा.

आमच्याकडे पाऊस चार महिने. पेटी उघडता येत नाही. तापमानाच्या सेन्सरचा उपयोग होईल का आणि नेमका कुठे ठेवू?
(एक मधपाळ, जावळी)

तुमच्यासारख्यांनाच खरा उपयोग. सेन्सर पिलांच्या कोठीत, मधल्या दोन चौकटींच्या मध्ये, पोळ्याला चिकटणार नाही असा लोंबता सोडा. झाकणाखाली ठेवलात तर तुम्हाला जावळीचं हवामान कळेल, माश्यांचं नाही.

पिल्लं असतील तिथे माश्या तापमान ३३ ते ३५ अंशांच्या आसपास धरून ठेवतात, बाहेर धुकं असो की ऊन. पंखांचे स्नायू थरथरवून ऊब, पाणी आणून वारा घालून गारवा. आलेख सरळ रेषेत चालला असेल तर झाकण उघडू नका, आत सगळं ठीक आहे. रेषा बाहेरच्या हवेबरोबर खालीवर डुलायला लागली म्हणजे तिथे पिल्लं उरली नाहीत, एकतर राणी थांबलीये, किंवा गेलीये, किंवा माश्या इतक्या कमी झाल्यात की ऊब पुरत नाही. वर सावंतवाडीच्या उत्तरात लिहिलं तसं, सातेरी पेटी सोडायच्या आधी हीच रेषा डुलते, म्हणजे हातात थोडे दिवस असतात. पावसाने उघडीप दिली की साखरपाक ठेवा आणि मेणकिडा बघा, निम्म्या वेळा भूक नाहीतर मेणकिडा हेच कारण निघतं.

रोगाचं मात्र या रेषेवर सोडू नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला होता. त्यात अळी पाण्याच्या पिशवीसारखी होते, ते डोळ्यांनीच दिसतं, आणि तापमान बिघडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तशी शंका आली तर महाबळेश्वरच्या मध संचालनालयात विचारा, तुम्हाला जवळच आहे, आणि मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव आहे, तिथल्या लोकांनी सातेरीचं सगळं बघितलंय.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना पेटीचा वजनकाटा करायचाय. बजेट फार नाही. काय काय सामान घेऊ?
(एक शिक्षिका, चिपळूण)

५० किलोचे चार लोड सेल (वजनाचे सेन्सर), बाथरूममधल्या वजनकाट्यात असतात तेच, जुना काटा मिळाला तर तोच फोडा. त्यांचा आकडा वाचणारा एक एचएक्स ७११ बोर्ड, तो वायफायवरून पाठवणारा एक ईएसपी ३२ बोर्ड, आणि तापमानाला डीएस१८बी२० चा वॉटरप्रूफ सेन्सर. ऑनलाईन घेतलंत तर हे सगळं साधारण हजार-दीड हजारात बसतं. शाळेचं वायफाय पेटीपर्यंत पोहोचत असेल तर तेच वापरा. सिमवालं स्वस्त २ जी मॉड्यूल घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, जिओचं सिम त्यात चालत नाही, जिओला २ जी नाहीच, आणि मेसेज पाठवताना ते मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, बारीक वायर किंवा मरतुकडी बॅटरी असेल तर सारखं रिस्टार्ट होत बसतं. माझे दोन रविवार यात गेलेत. पावसाळ्यात सोलरच्या भरवशावर राहू नका, तुमच्याकडे तर नाहीच.

लोड सेल ऊन लागलं की आकडा बदलतात, काहीही न ठेवता दुपारी शे-दीडशे ग्रॅम जास्त दाखवतील आणि मुलं म्हणतील मध आला. म्हणून काट्यावर सावली हवी, आणि एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करताना पहाटे ४ चाच आकडा घ्या, तेव्हा सगळ्या माश्या घरात असतात आणि ऊनही नसतं. पाऊस पडला की लाकूड पाणी पितं, तेही वजन चढवतं, तेव्हा शेजारी तेवढीच रिकामी पेटी ठेवून दोन्हींतला फरक काढायचा हा प्रयोग मुलांकडून करून घ्या, परीक्षकांना आवडेल.

मायक्रोफोन लावलात तर त्याच्यावर बारीक स्टीलची जाळी हवी. मेलिफेरा त्याचं भोक डिंकासारख्या प्रोपोलिसने लिंपून टाकते, सातेरी प्रोपोलिस आणत नाही म्हणून तुमचा मायक्रोफोन जास्त टिकेल. आणि वायर जिथून स्टँडवर चढते तिथे ग्रीसचा एक पट्टा द्या, नाहीतर मुंग्यांना तुम्ही पूलच बांधून दिलात.